ना हरकत आणि संमती

मृत्यूनंतर माणसाचे काय उरते, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी पुष्कळ चर्चिला आहे. त्याच्या मागे राहिलेल्या वस्तूंचे काय करावे, हा प्रश्न मात्र त्यांनी बहुधा वकिलांवर सोपवला. वास्तविक हा दुसरा प्रश्न पहिल्याहून कमी गहन नाही. मृताच्या वस्तू वाटून घेताना त्याच्या माणसांना परस्परांविषयी जे वाटते, ते प्रथमच उघड होते. घर, शेत, दागिने, बँकेतील ठेव यांच्या वाटणीला निदान एक मळलेली वाट आहे. अंगणात झाकून ठेवलेल्या वाहनाची गोष्ट निराळी. त्याचे तुकडे करता येत नाहीत. ते उभे ठेवले तर गंजते आणि महिन्यागणिक त्याचे मोल उतरते. चालवले तर रस्त्यावरच्या परक्या माणसाच्या जिवाशी त्याचा संबंध येतो. वस्तू लहान खरी. पण वारसाहक्काची सारी कोडी तिच्यात एकवटलेली असतात.

रायपूरमधील एखादे मराठी कुटुंब कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. छत्तीसगढावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला तेव्हापासून मराठी माणसे या मुलखात येत राहिली. तात्यापारा, लाखेनगर ही नावे त्याची साक्ष देतात. अशा एका घरातील कर्ता पुरुष मृत्युपत्र न करता वारला. मागे त्याची पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. वडिलांच्या नावे एक लहान मालवाहू गाडी आहे. धाकटा मुलगा गेली सहा वर्षे ती चालवतो व तिच्यावर घर चालते. थोरला पुण्यात नोकरी करतो. मुलगी बिलासपूरला सासरी असते. गाडीवरील कर्जाचे काही हप्ते अद्याप बाकी आहेत. ही गाडी कोणाची?

कायद्याचे उत्तर वरवर पाहता सरळ आहे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत पुरुषाची पत्नी, मुलगे, मुलगी आणि हयात असल्यास आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस होत. या घरात चौघांचा प्रत्येकी एक चतुर्थांश वाटा झाला. परंतु 1988 चा मोटार वाहन कायदा उघडला की भाषा बदलते. त्याच्या 50 व्या कलमात नोंदणीकृत मालक मरण पावल्यास, वाहनाच्या ताब्यात जो त्याच्यामागून येतो त्याने आपल्या नावे हस्तांतरणाचा अर्ज करावा, असे म्हटले आहे. 1989 च्या केंद्रीय नियमांतील 56 वा नियम पुढची रीत सांगतो. मृत्यूची व स्वतः वाहन वापरण्याच्या इराद्याची वर्दी तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला दिली, तर त्या व्यक्तीला तीन महिने ते आपलेच असल्याप्रमाणे वापरता येते. त्या मुदतीत नमुना 31 भरून ते नावावर करून घ्यावयाचे असते. एक कायदा वाटा पाहतो, दुसरा ताबा पाहतो. पहिल्याला चार माणसे दिसतात, दुसऱ्याला एकच दिसतो. ज्याच्या हाती किल्ली आहे तो. परिवहन कार्यालय स्वामित्वाचा निवाडा करीत नाही. रस्त्यावरील वाहनाबद्दल कोणाला जाब विचारावयाचा, एवढेच त्याला ठाऊक असावे लागते.

हे द्वैत आजचे नाही. अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधिकाळात कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. आपल्याकडील वारसाविचार पुढे शतकानुशतके तिच्या आधाराने चालला. दायविभागाच्या प्रकरणात न वाटण्याजोग्या वस्तूंची चर्चा येते. तेथे मनूने दिलेल्या यादीतील ‘पत्र’ या शब्दाचा अर्थ विज्ञानेश्वर वाहन असा करतो. घोडा, पालखी यांसारखे जे ज्याच्या नित्य वापरात, ते त्याचेच राहावे. मात्र घोड्यांचा व्यापार करणाऱ्या कुळात घोडे हे धन ठरते, आणि मग ते वाटणीत येतात. विहिरीच्या पाण्यासारख्या वस्तूचे मोल करून वाटे पाडू नयेत. पाळीपाळीने तिचा उपभोग घ्यावा. आणि खुद्द पित्याच्या अंगावरची वस्त्रे, त्याची शय्या, त्याचे वाहन यांचे काय? बृहस्पतीच्या आधारे तो सांगतो, की गंधपुष्पांनी पूजून ती श्राद्धाला जेवणाऱ्यास अर्पण करावीत.

या शेवटच्या विधानापाशी क्षणभर थांबावे. पित्याच्या देहाशी निगडित असलेली वस्तू भावाभावांत भांडणाचे कारण होण्याआधीच घराबाहेर जावी, असा एक परिणाम या विधीतून साधतो. यात धर्मभावना आहे तशीच व्यवहाराची जाणही आहे. आजच्या कुटुंबाला हे करता येण्याजोगे नाही, कारण रायपुरातील ती मालवाहू गाडी ही वडिलांची शय्या नव्हे. ती घराची भाकरी आहे. विज्ञानेश्वराचीच कसोटी लावायची तर ती घोडे विकणाऱ्याच्या घोड्यासारखी धनात मोडते. तरीही कोणती वस्तू आठवण म्हणून उरते आणि कोणती धन म्हणून, हा भेद त्याने केला, तो अजून उपयोगी आहे. वडिलांची जुनी, मोडीत निघालेली स्कूटर आणि कमाई करणारी गाडी या दोहोंना एकच न्याय लावू नये.

त्या जुन्या यादीत मात्र एक गोष्ट अशी आहे, की जी वाचताना आज मान खाली जाते. वस्त्र, वाहन, अलंकार, शिजलेले अन्न आणि पाणी यांच्या ओळीत तेथे स्त्रियाही बसवल्या आहेत. टीकाकार त्याचा अर्थ दासी असा लावतात. त्याने दुखणे कमी होत नाही. 1937 च्या कायद्याने विधवेला मर्यादित हक्क दिला. 1956 च्या कायद्याने पत्नी, मुलगी आणि आई यांना मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गात आणले. 2005 च्या दुरुस्तीने मुलगी एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही जन्मतः सहदायाद झाली. स्त्री वस्तूंच्या यादीतून निघून वारसांच्या यादीत आली, हा या साऱ्या इतिहासाचा सारांश. आजच्या वादात खरोखर पणाला लागलेले काय असेल, तर हे स्थित्यंतर घरात पोहोचले की केवळ राजपत्रात राहिले, हे होय.

न्याय म्हणजे काय हे समजावताना अमर्त्य सेन यांनी ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ या 2009 च्या ग्रंथात एका बासरीचे उदाहरण दिले आहे. तिघे मुले तिच्यावर हक्क सांगतात. एकीला ती वाजवता येते, दुसऱ्यापाशी खेळायला दुसरे काहीच नाही, तिसरीने ती स्वतः तयार केली आहे. कोणाचीही बाजू खोटी नसते. आपल्या गाडीसही हेच लागू होते. धाकट्याला ती चालवता येते आणि तिच्या हप्त्यांत त्याचा घाम आहे. आईला तिच्या उत्पन्नाची गरज सर्वाधिक आहे. थोरला आणि बहीण यांचा हक्क जन्माचा आहे. पण बासरीचे उदाहरण येथे अपुरे पडते. बासरी वाजवताना चूक झाली तर सूर बिघडतो. वाहन चालवताना चूक झाली तर वाटसरू मरतो. म्हणून वाहनाच्या बाबतीत कौशल्य, गरज आणि हक्क यांच्या जोडीला चौथा विचार येतो. जाब कोण देणार?

2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे स्पष्ट उत्तर दिले. तेथे वाहन एकामागून एक हातांत विकले गेले होते. नोंदणी मात्र मूळ मालकाच्याच नावे राहिली होती. अपघाताच्या भरपाईचे दायित्व नोंदणीकृत मालकावरच येते, असे न्यायालयाने ठरवले. जखमी माणसाने किंवा मृताच्या नातलगांनी खऱ्या मालकाचा माग काढत फिरावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. हे तत्त्व मनात ठेवून आपल्या घरांकडे पाहावे. वडिलांना जाऊन वर्षे लोटतात, गाडी चालत राहते, आणि कागदावर त्यांचे नाव तसेच असते. कोणी म्हणतो, नाव काढवत नाही. ही भावना खोटी असते असे नव्हे. परंतु जो उत्तर द्यायला उभा राहू शकत नाही, त्याच्या नावाआड गाडी हाकणे ही स्मृती नव्हे. ती जबाबदारीची टाळाटाळ आहे. मृताचा आदर करावयाचा तर त्याला आपल्या अपराधांतून मोकळे करणे हे पहिले कर्तव्य ठरते.

तेव्हा गाडी धाकट्याच्या नावावर व्हावी, यात नीतीच्या दृष्टीने अडचण दिसत नाही. अडचण यानंतरच्या कागदात आहे. हस्तांतरणासाठी अन्य वारसांचे प्रतिज्ञापत्र बहुधा मागितले जाते. त्याला ‘ना हरकत’ म्हणतात. तीस दिवसांची मुदत धावत असते. तेराव्याला सगळे जमलेले असतात, मुलगी दुसऱ्या दिवशी परत जाणार असते. तिच्यापुढे टंकलिखित कागद येतो आणि ‘येथे सही कर’ असे कोणीतरी सांगते. ती सही करते. आईही करते. कोणी जबरदस्ती केलेली नसते. कोणी काही विचारलेलेही नसते.

‘ना हरकत’ या शब्दांची घडणच बोलकी आहे. त्यांत होकार नाही. विरोधाचा अभाव तेवढा आहे. ज्याला आपला वाटा किती हे ठाऊक आहे, ज्याला नाही म्हणण्याची मोकळीक आहे आणि नाही म्हटल्याने ज्याचे नाते तुटणार नाही, त्याचाच होकार संमती या नावास पात्र होतो. माहेर तुटेल या भयाने गप्प राहिलेल्या बहिणीचे मौन त्यागात मोडत नाही. त्याग हा मोठा गुण खरा. पण जे आपले आहे हे कधी सांगितलेच गेले नाही, ते सोडणार कसे? आधी हक्क, मग त्याग, हाच नीतीचा क्रम आहे. तो उलटला की त्यागाच्या नावाखाली हिरावणे चालते, आणि हिरावणाऱ्यालाही त्याची जाणीव राहत नाही.

मौनाला संमती मानण्याचा एक मोठा धडा या प्रदेशाच्या इतिहासातच आहे. 1853 च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले पुत्राविना वारले. वारस नाही असे ठरवून डलहौसीने 1854 मध्ये राज्य खालसा केले, आणि त्या राज्याबरोबर रायपूरसह छत्तीसगढही कंपनीच्या अमलाखाली गेले. राण्यांनी घेतलेले दत्तकविधान मानले गेले नाही. राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले. जडजवाहीर कलकत्त्यास विक्रीला गेले. वृद्ध बाकाबाईंनी केलेला विरोध वाया गेला. राज्याची गोष्ट आणि एका गाडीची गोष्ट यांत अंतर अफाट आहे. पण दोन्हींत एक साम्य दिसते. कागद तयार करणारा आणि कागदाने लाभ घेणारा एकच असला, की ज्यांचा संबंध सर्वांत निकटचा त्यांचा आवाज नोंदीत येत नाही. परक्या सत्तेचा हा अन्याय आपल्याला चटकन दिसतो. घरातला दिसत नाही, कारण तो मायेच्या आवाजात बोलतो.

नामनिर्देशनाने प्रश्न सुटेल असे काहींना वाटते. 2021 पासून वाहन नोंदणीतही नामनिर्देशित व्यक्तीचे नाव देण्याची सोय झाली आहे. कार्यालयातील हेलपाटे त्याने वाचतील. न्याय मात्र त्यातून आपोआप होणार नाही. विम्याच्या संदर्भात 1983 मध्ये सरबती देवी प्रकरणात, आणि समभागांच्या संदर्भात 2023 मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले, की नामनिर्देशित व्यक्ती वस्तू स्वीकारते. वारसांचे हक्क त्याने नाहीसे होत नाहीत. वाहनाकडेही याच न्यायाने पाहणे उचित होईल. ज्याच्या हाती वस्तू आली तो धनी असेलच असे नाही; पुष्कळदा तो विश्वस्त असतो.

मग योग्य काय? गाडीची बाजारातील किंमत चार लक्ष आणि कर्जाची बाकी एक लक्ष धरली, तर तीन लक्ष उरतात. प्रत्येकाचा वाटा पंचाहत्तर हजार. धाकट्याने गाडी नावावर घ्यावी, कर्ज व विम्याचा भार उचलावा, आणि तिघांचे वाटे हप्त्याहप्त्याने देण्याचे लिहून द्यावे. त्याने स्वतःच्या कमाईतून भरलेले हप्ते हिशेबात धरले जावेत. बहिणीने आपला वाटा आईला द्यावासा वाटला तर द्यावा, भावाला सोडावासा वाटला तर सोडावा. पण आकडा तिच्यासमोर मांडला गेल्यावर, आणि तेराव्याच्या गडबडीत नव्हे. नियमाने दिलेले तीन महिने एवढ्यासाठी पुरेसे आहेत.

दुःखाच्या घरी आकडे मांडणे अभद्र आहे, असा यावर आक्षेप येईल. या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच आकडे मृत्यूच्या आधी मांडले जावेत. मृत्युपत्र हा कुटुंबाविषयीचा अविश्वास नसून त्याच्यावरची शेवटची माया आहे. ते राहून गेले असेल, तर मात्र अवघडलेपणाला सभ्यता समजू नये. हिशेबाने नाती तुटल्याची उदाहरणे लोक सांगतात. न झालेल्या हिशेबाने ती आतून कुजल्याची उदाहरणे सांगितली जात नाहीत, कारण तेथे भांडणच झालेले नसते; नुसते येणे-जाणे थांबलेले असते.

मराठीत ‘वाहणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. ओझे वाहतात, तशी फुलेही वाहतात. वडिलांची गाडी ज्याच्याकडे आली त्याने तिचे दायित्व वाहावे, आणि इतरांचा वाटा त्यांच्या हाती ठेवावा. त्यांनी तो परत केला, तर ती त्यांनी वाहिलेली फुले. मागून घेण्याची वस्तू ती नव्हे.