वीरगळीवरची तलवार

तुर्क योद्ध्याची तलवार थडग्यात सापडते, आपल्या वीराची दगडावर.

अल्ताय आणि मंगोलियाच्या गवताळ मुलखात सहाव्या ते आठव्या शतकातली तुर्कांची थडगी उकरली गेली. माणसाशेजारी त्याचा घोडा, लोखंडी रिकिबी, बाणांची टोकं, धनुष्याला जोडलेल्या हाडाच्या पट्ट्या. लाकूड कुजलं, कातडं गेलं. उरलं ते हाड आणि लोखंड.

धाराशिवच्या काळ्या मातीत त्या काळचं असं थडगं शोधू नये. इथं वीराला अग्नी मिळे. शस्त्र मागं राही. खंडेनवमीला ते पूजेत मांडायचं, जमिनीत घालायचं नाही. ज्या घरात कर्ता पुरुष पडला, त्या घराला तलवार जास्तच लागते.

शस्त्रं पुरणं महाराष्ट्राला अनोळखी नव्हतं. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिलावर्तुळांत, या तुर्कांच्या हजार वर्षं आधी, मृताजवळ लोखंडी खंजीर आणि कुऱ्हाडी ठेवल्या गेल्या. घोडाही पुरला, तांब्याच्या साजासकट. पुढं पुरणं मागं पडलं, कोरणं आलं.

धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या गावांत वेशीपाशी, मारुतीच्या पाराशी, महादेवाच्या आवारात वीरगळ उभी दिसते. बसून पाहावी, खालून वर. तळाच्या चौकटीत झुंज: एका हातात गोल ढाल, दुसऱ्यात उगारलेली तलवार. कुठं वीर आडवा पडलेला. गाई कोरल्या असतील तर तो गुरं सोडवताना पडला. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला नेतात. त्याच्या वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसतो. माथ्यावर चंद्र-सूर्य. तलवार खालीच राहिलेली असते; वर तिचं काम नाही.

तुर्कांनीही दगड उभे केले. त्यांना ते बलबल म्हणत. तुर्क राजपुत्र कुल तेगिनच्या 732 सालच्या शिलालेखात, त्याच्या बापाच्या स्मारकापाशी बाज कागान या शत्रूचा बलबल उभारल्याची नोंद आहे. तो दगड मारलेल्याचा. वीरगळ मेलेल्याची, आणि तो कशासाठी मेला त्याची. मला हा फरक फार मोठा वाटतो.

गंजलेलं पातं तलवारीची लांबी सांगतं. कोरलेला हात ती कुणासाठी उचलली ते सांगतो. इतिहासाला दोन्ही हवेत.

पण आपण दगडावरचा हा पुरावा ऑइलपेंटनं बुजवतो. जीर्णोद्धारात वीरगळ पायरीला लागते, ओट्याच्या काँक्रीटमध्ये कमरेपर्यंत गाडली जाते, आणि बुडते ती नेमकी खालची, झुंजीची चौकट. ज्यानं गावासाठी जीव दिला त्याला गावानंच गाडायचं, हे बरं नव्हे.

देवळाच्या कामाची बैठक बसेल तेव्हा गावकऱ्यांनी एवढं आधी ठरवावं: वीरगळ रंगवायची नाही, फोडायची नाही, जागेवरून हलवायची नाही. तिचा स्वच्छ उजेडात फोटो काढावा, गावाचं नाव आणि जागा लिहावी, आणि तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालयात नेऊन द्यावा.