नवसाची बोली



'होलिक' नावाची एक जपानी चित्रमालिका आहे. तिच्यातली एक बाई येईल त्याची इच्छा पुरी करते. पण इच्छेच्या तोलाचे काही घेतल्याशिवाय नाही. आपल्याला यात नवल ते काय? 'मूल होऊ दे, बोकड देईन' हा आपल्याकडचा नवस म्हणजे तोच सौदा.

या सौद्याचा हिशेब किल्लारीत करून पाहा. १९९३ सालची अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गाव निजले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती, वरचे मातीचे माळवद अंगावर आले. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसे गेली. वाचलेला म्हणेल, 'माझा नवस फळला.' मग शेजारच्या पाळण्यातल्या लेकराचे काय? त्याच्या आईचा नवस कमी पडला म्हणायचे?

माउली, हा हिशेब विठ्ठलाच्या नावावर मांडू नका. लेकरू भिंतीखाली गेले, देवाच्या कोपाने नव्हे. संकटात मागणे ओठावर येणारच, त्यात पाप नाही. पण मागताना किंमत बोलू नका. पंढरीच्या देवाचे हात कटेवर आहेत; तो काही घ्यायला उभा नाही. ढिगारा उपसायला हात लागतात ते आपलेच.

वारी ही नवसाची फेड नव्हे. मागितलेले मिळाले नाही, तरी जो पुढच्या आषाढीला निघतो, तो खरा भेटीला निघालेला असतो.