पडद्यावरचा ख्रिस्त

1910 च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक विलायती मूकपट पाहिला, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्यांचा हा मुलगा! आम्हा ख्रिस्ती मंडळींना ही हकिकत सांगायला फार आवडते.

परंतु 2006 साली ‘द दा विंची कोड’ आला, तेव्हा मुंबईत आमच्यापैकीच काहींनी निदर्शने केली. येशूचे मग्दालिया मरीयेशी लग्न झाले होते, अशी त्यातली कल्पना. सेन्सॉर बोर्डाने तो प्रौढांपुरता, ‘ही कथा काल्पनिक आहे’ अशी पाटी लावून सोडला; तरी पंजाब, नागालँड वगैरे राज्यांनी बंदी घातलीच.

ती कल्पना मलाही लागली, नाही म्हणत नाही. आईविषयी कोणी वेडेवाकडे बोलले तर आपण पुरावे मागत बसत नाही. पाटीचा आग्रह रास्तच होता. मूळ कादंबरीच्या आरंभी ‘सत्य’ अशा मथळ्याचे पान आहे. कादंबरीकाराने (मीही त्याच धंद्यातला) वाचकाला असे चकवू नये. पण पाटी पुरे होती. कर्जतच्या एन. डी. स्टुडिओत ‘जोधा अकबर’साठी महाल उभारला होता, तो खोटा, हे इकडच्या कर्जत-खालापूरच्या पोरांनाही कळते, आणि म्हणून अकबर झालाच नाही असे त्यांतले कोणी म्हणत नाही.

शिपायांनी काटेरी मुगुट घालून ज्याची थट्टा केली, आणि ज्याने क्रुसावरून आपल्या छळकांसाठी क्षमा मागितली, त्याची अब्रू आम्ही मंत्र्यांच्या हाती सोपवायला निघालो. उद्या त्याच मंत्र्यांना आमची एखादी प्रार्थना खटकली, तर कोणत्या तोंडाने तक्रार करणार?