ऐकू न येणाऱ्या मुलाची पहिली भाषा

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रमात आणि परीक्षेत बदल करावेत, असं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं सतरावं कलम सांगतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट हे त्याने दिलेलं एक उदाहरण. कर्णबधिर मुलांचे पालक ही सूट घेतात, आणि घ्यावीच. मुलाच्या डोक्यावरचं एक ओझं उतरतं. पण पहिली भाषा मुलाकडे आहेच, असं त्या तरतुदीत धरून चाललेलं आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरं नसतं. वहीतली मराठी हीच त्यांची दुसरी भाषा. आणि पहिली? ती अनेकदा कुणी दिलेलीच नसते. पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावर २०२५ मध्ये महाराष्ट्रात रान उठलं, शासन निर्णय निघाले आणि मागेही घेतले गेले. त्या सगळ्या चर्चेत, या मुलांसाठी भाषांची मोजणी कुठून सुरू करायची, हा प्रश्न माझ्या तरी वाचनात आला नाही.

ऐकू येणारं मूल सहाव्या वर्षी शाळेत बसतं तेव्हा त्याला मराठी येत असते. आजीची गोष्ट, शेजारचं भांडण, एसटीतल्या गप्पा, सगळं कानावरून जाऊन आत मुरलेलं असतं. 'घोडा' आणि 'घोड्यावर' यांतला फरक त्याला कुणी शिकवलेला नसतो, तरी तो चुकत नाही. शाळा त्याला फक्त अक्षरं देते. 'ग गणपतीचा' म्हणताना गणपती ओळखीचा असतो, नवीन असतो तो ग. कर्णबधिर मुलानेही गणपती मखरात पाहिलेला असतो, आरतीत टाळ्या वाजवलेल्या असतात, मोदक खाल्लेला असतो. पण या देवाचं नाव काय, दहा दिवसांनी त्याला पाण्यात का सोडतात, पुढच्या वर्षी तो परत येणार म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आईला सांगायचं नसतं असं नाही. तिच्यापाशी आणि मुलापाशी मिळून एक भाषा नसते. अमेरिकेतल्या पाहणीत नव्वद टक्क्यांहून जास्त कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे निघाले. म्हणजे घरात प्रेम भरपूर, पण मुलाच्या डोळ्यांना दिसेल अशी भाषा नाही.

ओठांवरून समजेल, असं आपल्याला वाटतं. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'पापा', 'बाबा', 'मामा' म्हणून पाहा. तिन्ही एकसारखे दिसतात. क, ग, ह तर मागे घशाकडेच उमटतात, ओठांना त्यांचा पत्ताच नसतो. ओठवाचनाचा उपयोग होतो, पण तो आधीच मराठी येणाऱ्याला जास्त. अर्धं दिसलेलं वाक्य तो अंदाजाने पुरं करतो. ज्याच्यापाशी भाषाच नाही, त्याने अंदाज कशाच्या आधारावर बांधायचा?

मराठीची खरी गोम प्रत्ययांत आहे. फळ्यावर दोन वाक्यं लिहू. 'मीनाने राजूला पेन दिलं.' 'मीनाला राजूने पेन दिलं.' शब्दांचा क्रम तोच, माणसं तीच, पेन तेच. पेन कुणाकडून कुणाकडे गेलं हे ठरवणारी अक्षरं दोन, 'ने' आणि 'ला'. बोलताना त्यांच्यावर जोर नसतो, श्रवणयंत्रातूनही ती निसटतात. मीना, राजू, पेन, देणं एवढे शब्द पाठ असलेलं मूल दोन्ही वाक्यं एकच समजून वाचतं, आणि बाई म्हणतात, वाचतो पण कळत नाही.

आता हेच भारतीय सांकेतिक भाषेत होताना पाहू. शिक्षिका हवेत उजवीकडे मीनाची जागा ठरवते, डावीकडे राजूची. 'देणं' ही खूण उजवीकडून डावीकडे जाते. दुसऱ्या वाक्यात डावीकडून उजवीकडे. कुणी दिलं, कुणाला दिलं, हे हाताच्या दिशेतच आहे, आणि खुणांत वाढलेल्या मुलाला त्यात शिकण्यासारखं काही उरलेलं नसतं. मग ती पहिली खूण पुन्हा करते आणि फळ्यावरच्या 'ने'वर बोट ठेवते, दुसरी करते आणि 'ला'वर. अर्थ मुलापाशी आधीच होता. त्याला फक्त तो मराठी कशी लिहिते ते कळलं. कुठलीही दुसरी भाषा शिकताना हेच होतं. आपण मराठी माध्यमाची बाजू मांडताना नेहमी म्हणतो, मातृभाषा पक्की झाली की इंग्रजी मागाहून नीट येते. कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये याच विचाराची सैद्धांतिक मांडणी केली. मराठी शाळांसाठी हा मुद्दा पोटतिडकीने मांडणाऱ्यांनी तो या मुलांसाठीही मांडावा, असं मला मनापासून वाटतं.

एक खरं की खुणांच्या भाषेला रोजच्या वापरातली लिपी नाही. त्यामुळे मराठीतून हिंदीत जाताना अक्षरओळख जशी जवळपास फुकट मिळते, तसं इथे होत नाही. नुसत्या खुणा आल्या म्हणून कुणी आपोआप वाचू लागत नाही. लिहिलेली मराठी वेगळी, सावकाश, प्रत्यय उघडून दाखवत शिकवावीच लागते. पुढे नेता येतं ते दुसरंच काही असतं: जगाची माहिती, गोष्ट कशी पुढे सरकते याची जाण, न लिहिलेलं ओळखण्याची सवय. ज्या मुलांची खुणांची भाषा चांगली त्यांचं वाचनही बरं, असं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

'खुणा शिकवल्या तर तो बोलणार नाही' ही भीती जुनी आहे. १८८० च्या मिलान परिषदेने शाळांतून खुणा हद्दपार करायचा ठराव केला आणि जगभरच्या कित्येक शाळांत मुलांचे हात अडवले गेले. आज लवकर निदान होऊन दोन वर्षांच्या आत कॉक्लिअर इम्प्लांट झालेली, नियमित वाचोपचार मिळालेली अनेक मुलं छान बोलतात. त्याचा आनंदच आहे. पण यंत्र झोपताना काढावं लागतं, बॅटरी संपते, चाळीस मुलांच्या वर्गात पंखा आणि गलका असतो. आणि उपचार सुरू होईपर्यंतचे महिने, कधी वर्षं, मुलाने भाषेवाचून का काढायची? बोलण्याची तयारी चालू असताना हातांनी बोलायला काहीच आडकाठी नाही.

दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. २०१८ मध्ये तीन हजार शब्दांनी सुरू झालेला त्याचा कोश २०२१ पर्यंत दहा हजारांवर गेला. एनसीईआरटीची पुस्तकं या भाषेत आणायचा करार २०२० मध्ये झाला. मराठीसाठी काय करता येईल याची पायवाट आपल्याकडे आधीच आहे. इंग्रजी वा अन्य माध्यमांतल्या मुलांसाठी बालभारती 'सुलभभारती' काढते, पुढच्या इयत्तांना 'अक्षरभारती'. मराठी ही ज्याची पहिली भाषा नाही, त्याच्यासाठी वेगळं पुस्तक लागतं हे शासनाला मान्य आहेच. फक्त ती पुस्तकं ऐकणाऱ्या मुलाला धरून लिहिलेली आहेत. पाठापाठाला क्यूआर कोड छापायची सवय बालभारतीला आहे. त्याच कोडमागे तो पाठ खुणांत सांगणारी एखादी कर्णबधिर शिक्षिका दिसावी, प्रत्येक पानाच्या तळाशी मीना-राजूसारखी वाक्यांची जोडी असावी, आणि पहिला पाठ मुलाच्या आधी त्याच्या आईवडिलांसाठी असावा, घरी आजपासून वापरता येतील अशा खुणांचा.