खांदेरी, उंदेरी आणि एक शब्द

अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्रात दोन बेटं दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. इंग्रजांनी त्यांची केनेरी आणि हेनेरी करून टाकली. जुन्या कागदांत ही नावं जुळ्या बहिणींसारखी जोडीने येतात, पण या बहिणी वर्षानुवर्षं एकमेकींवर तोफा डागत होत्या.

ऑगस्ट १६७९ मध्ये, भर पावसाळ्यात, शिवाजी महाराजांच्या माणसांनी खांदेरीवर तटबंदी सुरू केली. मुंबईच्या इंग्रजांचं म्हणणं, हे बेट आमचं. खुद्द मुंबई पोर्तुगिजांकडून आंदणात मिळून त्यांच्या ताब्यात आली ती १६६५ मध्ये, म्हणजे पुरती पंधरा वर्षंही झाली नव्हती. तरी हक्क मात्र पिढीजात असल्यासारखा. त्यांनी गलबतं पाठवली. ऑक्टोबरातल्या लढाईत मराठ्यांनी त्यांची ‘डोव्ह’ पकडली. मग मोगलांचा आरमारप्रमुख म्हणून जंजिऱ्याचा सिद्दी इंग्रजांच्या मदतीला आला. इंग्रजांना लवकरच वेगळी भीती वाटू लागली, की खांदेरी जिंकली तर ती सिद्दीच ठेवून घेईल! त्यांनी मराठ्यांशी समझोत्याची बोलणी धरली. जानेवारी १६८० मध्ये सिद्दी कासिमने शेजारची उंदेरी बळकावली. एकीवर मराठे, दुसरीवर सिद्दी, आणि मध्ये तोफेच्या टप्प्यातलं पाणी. थळच्या कोळ्यांना जाळी टाकायची ती त्याच पाण्यात.

हे सगळं मी म्हैसुरात बसून वाचत होते, कारण कंपनीच्या त्या काळातल्या निवडक पत्रांचा मराठी अनुवाद माझ्याकडे आला होता. सुरतेच्या वखारीच्या कागदांत महाराजांचा उल्लेख अनेकदा ‘बंडखोर’ असा येतो. मी तसाच लिहिला. संपादकांचा फोन आला, “ताई, एवढा एक शब्द बदला. लोक खपवून घेणार नाहीत.” मी ‘शिवाजी राजे’ केलं. खरं सांगायचं तर फार ताणावं लागलं नाही. तो शब्द टाइप करताना माझाही हात अडखळला होताच.

सुरतेचा कारकून माझ्या अनुवादात आता चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकासारखा बोलतो. पण मला खरी बोच लागली ती दुसऱ्याच ठिकाणी. त्याच पत्रव्यवहारात, सिद्दीचं आरमार मुंबईत पावसाळ्याला मुक्काम करी तेव्हा त्याच्या माणसांनी मांडलेल्या उच्छादाबद्दलच्या तक्रारी आहेत. तिथली हेटाळणीची विशेषणं मी एकूण एक आणली, मराठीत जरा धारदारच केली. हात अडखळला नाही. फोनही आला नाही.

म्हैसुरात मी बहुधा उंदेरीवर असते. १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि मठाच्या पुनर्स्थापनेसाठी टिपूने स्वामींना लिहिलेली कन्नड पत्रं आजही आहेत. इथल्या वाचणाऱ्या माणसाला हे ठाऊक असतं. आपल्याकडे ते सांगायची वेळ आलीच, तर ‘ते पेंढारी होते’ हे आधी सांगितलं जातं. असतीलही. पण मराठे म्हणजे अचानक येणारे घोडेस्वार, ही इथली आठवण आहे. ती ऐकताना मला राग येत नाही, फक्त कुणीतरी मध्ये पडून ‘मराठे’ऐवजी सौम्य शब्द घालावा असं क्षणभर वाटतं. घातला, तर ऐकणाऱ्याची सोय होईल. ज्याचं लुटलं गेलं त्याचं वाक्य मात्र त्याचं राहणार नाही.

संपादकांच्या बाजूनेही बोलायला हवं. छापखाना त्यांचा, दगड आला तर काच त्यांची फुटणार, माझी नाही. मी इथे साडेसहाशे-सातशे किलोमीटरवर कॉफी पीत शुद्धतेच्या गोष्टी करणार, हे सोपं आहे.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यांत खांदेरी आहे, उंदेरी नाही. खांदेरीवर वेताळाचं देऊळ आहे, तिथे कोळी अजूनही जातात. उंदेरीवर पडका तट आणि झुडपं.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची आहे. ‘बंडखोर’ मी परत घातला आहे. सिद्दीच्या लोकांबद्दलची विशेषणं ठेवली आहेत, पण मी चढवलेली धार मूळ मजकुराशी ताडून उतरवली आहे. दुरुस्त्या पाठवून तीन आठवडे झाले. संपादकांचा फोन अजून आलेला नाही.