इंद्रायणीत बुडालेली खते

२०२४ च्या कार्तिकीहून परतल्यावर आमच्या गावी एकादशीचे कीर्तन झाले. बुक्का लावून होताच एक वृद्ध माळकरी आमच्याजवळ येऊन बसले. नातवाने त्यांना सुदान देशाची बातमी वाचून दाखविली होती. तिकडे २०२३ च्या एप्रिलपासून आपसांत लढाई पेटलेली. अल फाशेर शहराजवळ झमझम नावाची छावणी, तीत घरदार सुटलेली लाखो माणसे, आणि २०२४ च्या ऑगस्टात तिथे दुष्काळ जाहीर झालेला. लढाईपायी धान्याच्या गाड्याच पोचत नव्हत्या. म्हातारबोवा म्हणाले, “महाराज, लेकरं अशी मरत्यात आन् आपण टाळ कुटतोय. कशापायी?”

आम्ही ‘प्रारब्ध’ म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र फराळ घशाखाली उतरेना. उपवासाचेच ताट, पण भरलेले!

तुकोबारायांचे पाहा. १६३० च्या सुमाराचा तो दुष्काळ. व्यापार बुडाला, पहिली पत्नी गेली, लेकरू गेले. संत झाले म्हणून काय काळीज दगडाचे होते? मुलुखावरचा दुष्काळ हटविणे त्यांच्या हाती नव्हते. हाती होती ती घरच्या सावकारीची खते. धाकट्या कान्होबांचा अर्धा वाटा त्यांना देऊन आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. गाथेच्या वह्या तरल्याची कथा आपण डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. खते बुडाल्याची कथा कीर्तनकार लवकर आटोपतो. आम्हीही आटोपतो. समोर देणेकरी बसलेले असतात आणि घेणेकरीही!

सुदानच्या लेकरासाठी ज्याला जमेल त्याने चार पैसे जरूर पाठवावेत. पण त्याच्यासाठी भरून आलेले मन गावाबाहेरच्या ऊसतोड्यांच्या कोप्यांवरून तसेच पुढे जाते, त्याचे काय? दिंडीत मागे पडलेल्यासाठी थांबणारे आपण, घरी आल्यावर मागे वळून पाहत नाही.

त्या रात्री आम्ही गड्यांच्या उचलीची वही काढली. सगळी फाडण्याची छाती झाली नाही, खोटे कशाला सांगावे? एका घरची थकलेली बाकी तेवढी खोडली.

पुढच्या एकादशीला म्हातारबोवा फार उशिरा आले. कोपीवरचे तापाने फणफणलेले पोर दवाखान्यात पोचवून, त्याच्या आईला भाकरी देऊन आले होते. आम्हाला काही विचारले नाही. टाळ उचलला आणि रांगेत उभे राहिले.