नळाला नाक मुरडणाऱ्यांनो!

बसा खाली. मागच्या बाकावरची कुजबुज बंद.

काल स्नेहसंमेलनाचं जेवण आटोपल्यावर मंडपात काय उरलं होतं, ते मी पाहिलं. दोन घोट पिऊन टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या. एक फोडायची, ओठ ओले करायचे, कुठेतरी विसरायची आणि दुसरी उचलायची. शाळेचा नळ दहा पावलांवर होता, तिकडे कुणी फिरकलं नाही. विचारलं तर उत्तर काय? ‘‘बाई, आम्ही नळाचं पाणी नाही पीत.’’ आणि हे मान वर करून सांगता! यात मिरवण्यासारखं काय आहे?

मुंबईत राहता. नळाला पाणी कुठून येतं, सांगा. गप्प? नववीत आलात! शंभरेक किलोमीटरवरून येतं. तानसा आणि भातसा, दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. तानसाचं पाणी तर १८९२पासून ही मुंबई पितेय. भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत त्यातला गाळ खाली बसवतात, पाणी वाळूच्या थरांतून गाळतात, मग क्लोरीन घालतात. तुम्ही ज्याला ‘औषधाचा वास’ म्हणून तोंड वाकडं करता, तो क्लोरीन वाटेतले जंतू मारण्यासाठीच ठेवलेला असतो. पाणी थोडा वेळ उघडं ठेवा किंवा उकळा, वास जातो.

आणि ज्या तालुक्यातून हे पाणी येतं, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरच्या वाटेवर हंडे मांडलेले असतात. धरण उशाला, कोरड घशाला. त्यांच्या दारावरून आलेलं पाणी तुम्हाला चालत नाही!

तुमच्या बाटलीत हिमालयातला झरा भरलाय असं वाटतं का? बहुतेक बाटल्यांत बोअरवेलचं किंवा नळाचंच पाणी असतं, यंत्रातून गाळलेलं. २००३ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने दिल्ली-मुंबईतलं बाटलीबंद पाणी तपासलं, तेव्हा त्यात कीटकनाशकांचे अंश सापडले होते. बाटली सीलबंद आहे म्हणून डोळे मिटायचे नसतात. आता हिशेब करा. वीस रुपये लिटरने हजार लिटरचे होतात वीस हजार. तेवढ्याच पाण्याचे पालिका घरगुती ग्राहकाकडून दहा रुपयेसुद्धा घेत नाही.

‘‘पण बाई, कधी गढूळ येतं.’’ येतं. पावसाळ्यात कावीळ, गॅस्ट्रो होतात, मला माहीत आहे. जलवाहिनी फुटून गटाराचं पाणी आत शिरतं. वर्षानुवर्षं न धुतलेली सोसायटीची टाकी असते. अशा वेळी पाणी उकळून प्यायचं आणि वॉर्ड ऑफिसात तक्रार नोंदवायची. तुम्ही काय करता? बाटली विकत घेऊन मोकळे होता. ज्यांचं बोलणं ऐकलं जातं, तीच घरं गप्प बसली, तर ती वाहिनी दुरुस्त कोण करणार? मग आजारी कोण पडतं? ज्याच्या खिशात रोजचे वीस रुपये नाहीत तो. माझा राग यासाठी आहे, तुमच्या आवडीनिवडीसाठी नाही.

२० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. परीक्षेत यावर उत्तरं लिहून मार्क घेता. सार्वजनिक पाणवठा सगळ्यांचा असावा, यासाठी माणसांनी मार खाल्लाय. तुमच्या पिढीला तो आयता मिळाला, तर तुम्ही त्याच्याकडे पाठ फिरवता.

आता ऐका. उद्यापासून प्रत्येकाने घरून बाटली भरून आणायची. संपली की शाळेच्या नळावर भरायची. सोमवारी वहीत लिहून आणायचं, आपल्या इमारतीची टाकी शेवटची कधी धुतली. माहीत नसेल तर सेक्रेटरींना विचारा. आणि ज्याला नळाचं पाणी खराब वाटतं, त्याने पालिकेच्या नावे तक्रारअर्ज लिहून आणावा. तो मी स्वतः तपासेन. अर्ज न लिहिता नुसतं नाक मुरडणारा मला या वर्गात चालणार नाही.